चिंधीचा बोळा

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तेव्हा मला आधी वाटलं त्यांच्या नातवानं काढलेला कसला तरी नकाशा आहे. कडा पिवळट, मध्ये तपकिरी, आणि एका बाजूनं लांबट शेपूट. खाली मेसेज होता, "हे आमच्या बाथरूमचे छत आहे. तुमच्या मोरीखाली येते. वेळ मिळेल तेव्हा बघून घ्यावे." ते 'घ्यावे' वाचून माझ्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे, कारण काकू एरवी मला 'घे गं' म्हणतात.

आमची बिल्डिंग 1991 ची, पुण्यातली साधी तीन मजली. तेव्हाची बाथरूम, पांढऱ्या चार बाय चारच्या टाईल्स, मोरीचा कट्टा, कोपऱ्यात गोल जाळी. नवरा म्हणाला आता करायचंच आहे तर दोन्ही बाथरूम पूर्ण फोडून नवीन करू, रोज रोज कोण धूळ खाणार. मग काय, पुढचे दोन महिने मी फक्त टाईल्स, नळ आणि शॉवर बघत होते. मोबाईलवर शंभरेक फोटो जमवले होते, त्यात एकाही फोटोत पाणी जिथून जातं ती जागा दिसत नव्हती आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. दुकानात सगळं बिल झाल्यावर तिथल्या पोरानं विचारलं, "मॅडम, जाळ्या कुठल्या देऊ?" मी म्हटलं, "दे रे कुठल्याही, चांगल्यातल्या." टाईल्सला दोन महिने आणि जाळीला साधारण चार सेकंद.

त्या चार सेकंदांचं पुढं काय झालं ते सांगते.

काम करायला जे प्लंबरमामा आले ते मूळचे बीडकडचे, पंचवीस-तीस वर्षं पुण्यात. (आणि फोडल्यावर निघालेला ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा तुकडा, तोही बिडाचाच होता, म्हणजे ओतीव लोखंडाचा. हा विनोद मी त्यांना ऐकवला, ते हसले नाहीत.) घरात आलेल्या प्रत्येकानं मला विचारलं होतं की रंग कुठला, थीम काय. मामांनी काय केलं, तर चप्पल दाराबाहेर काढली, बादलीतून एक मग पाणी घेतलं, उंबऱ्याशी उभं राहून जमिनीवर सोडलं आणि बघत राहिले. पाणी जाळीकडे निघालं, अर्ध्या वाटेत रेंगाळलं, मग कमोडच्या मागं वळलं आणि तिथल्या कोपऱ्यात तळं करून बसलं.

"बघितलं का ताई," मामा म्हणाले, "तीस वर्षं हे असंच बसायलंय."

मी त्या बाथरूममध्ये सतरा वर्षं अंघोळ करतेय, तो कोपरा कायम ओला असतो हे मला माहीत होतं, पण तो कोपरा 'असतोच ओला' एवढंच. पाणी जाळीपर्यंत जातच नाहीये, मुरतंय आणि काकूंच्या छतावर नकाशा काढतंय, हे डोक्यात आलं नव्हतं. शिवाय फोडल्यावर कळलं की बिडाच्या ट्रॅपची मान गंजून स्लॅबपासून सुटली होती, म्हणजे जे पाणी बिचारं जाळीपर्यंत पोचत होतं त्यातलंही थोडं बाजूनं खाली.

मामांच्या हिशोबात सगळी भाषा सुताची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "फुटाला दीड सूत ढाळ पाहिजे. एक सुतावर पाणी आळशी होतं, आणि तीन सूत दिला तर आजी घसरती." हे मी नंतर गणित करून बघितलं, फुटाला दीड सूत म्हणजे साधारण चौसष्टाला एक, आणि इंजिनिअर लोक बाथरूमला साठाला एक ते ऐंशीला एक असं काहीतरी सांगतात, म्हणजे मामा बरोबर त्यातच बसतात. आता गंमत अशी की मी पसंत केलेल्या टाईल्स होत्या दोन बाय चार फुटांच्या. एवढी मोठी टाईल वाकत नाही. जाळी मधे किंवा कोपऱ्यात असली की एकाहून जास्त बाजूंनी तिच्याकडे उतार द्यावा लागतो, म्हणजे टाईल तिरकी कापून पाकिटाच्या मागच्या बाजूसारखी जोडायची, किंवा मग भिंतीलगत लांब पट्टीसारखा चॅनल ड्रेन घ्यायचा, की सगळी जमीन एकाच दिशेला उतरवली की झालं. म्हणजे जाळी कुठली हा प्रश्न खरं तर टाईल्सच्या आधीचा. मी तो बिल झाल्यावर चार सेकंदांत उरकला होता. शेवटी शॉवरखाली छोट्या टाईल्स घेतल्या, मोठ्या परत केल्या, दुकानदारानं पंधरा टक्के कापले. असो.

खोदकाम झाल्यावर नवीन ट्रॅप बसवला, पीव्हीसीचा, वर 110 मिमीचं तोंड आणि बाहेर 75 मिमीचा पाईप. त्याच्या भोवती वॉटरप्रूफिंगचं लेपण, आणि मामांचा एकच आग्रह की लेप ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत उतरला पाहिजे, नुसता कडेशी थांबवायचा नाही, कारण गळती पाईपात होत नाही, पाईप आणि जमीन जिथं भेटतात तिथं होते. मग टेस्ट. ट्रॅपचं तोंड बंद करून आख्ख्या बाथरूममध्ये चार बोटं पाणी कोंडायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. तोंड कशानं बंद करायचं? मी विचार करत होते की याचं काहीतरी खास झाकण मिळत असेल. मामांनी माझ्याकडे जुना कपडा मागितला. नवऱ्याचा एक बनियन दिला. त्यांनी तो पिळला, गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि अंगठ्यानं दाबत दाबत असा बसवला की दोन दिवसांत थेंब हलला नाही. भिंतीवर पेन्सिलनं पाण्याची रेघ मारली. मी दर दोन तासांनी जाऊन ती रेघ बघत होते, आणि काकू खालून फोन करून, "अजून तरी कोरडं आहे गं." 'गं' परत आला होता.

तो बनियनचा बोळा बघितला आणि मला एकदम आजोळची न्हाणी आठवली.

देवगडकडचं घर. न्हाणी म्हणजे घराच्या मागच्या अंगाला चिऱ्याची बुटकी खोली, एका बाजूला चुलाण, त्यावर तांब्याचा हंडा, खाली गुळगुळीत काळा दगड अंघोळीला. आणि भिंतीच्या पायाशी एक भोक. जाळी नाही, पाईप नाही, काही नाही. पाणी त्या भोकातून बाहेर चरात, चरातून केळीच्या बुंध्याशी, उरलं तर अळवात. त्या अळवाची पानं सुपाएवढी व्हायची आणि आजी म्हणायची माझ्या पोरांचा मळ खाऊन माजलंय. रात्र झाली की आजी जुन्या लुगड्याच्या चिंधीचा बोळा त्या भोकात पायानं दाबून बसवायची, कारण तिथून बेडूक येतो, आणि बेडकाच्या मागे काय येतं ते संध्याकाळी नाव घेऊन बोलायचं नसे. पहाटे पहिलं काम, बोळा काढायचा.

ही 'न्हाणी' पुढे कुठवर गेली बघा. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तकांत बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपचं नावच आहे 'नहाणी ट्रॅप'. दिल्लीच्या इंजिनिअरपासून केरळच्या कॉन्ट्रॅक्टरपर्यंत सगळे बिलात नहाणी ट्रॅप लिहितात. बोहरी आळीत मी दुकानदाराला ऐटीत 'फ्लोअर ट्रॅप' म्हटलं तर त्यानं आत ओरडून सांगितलं, "ए, एक नहाणी काढ रे!" मला इतकं बरं वाटलं.

पण आजोळच्या न्हाणीला ट्रॅप लागत नव्हता. तिथं पाणी उजेडात जायचं, वाऱ्यावर, त्याला वास धरायला वेळच नव्हता आणि त्या चराला दुसरं कुणाचं पाणी येऊन मिळत नव्हतं. फ्लॅटमध्ये तसं नाही. आमच्या डक्टमधून जो पाईप उतरतो त्याला सहा घरं जोडलेली आहेत. म्हणजे माझ्या जाळीच्या खाली सरळ रस्ता आहे, काकूंच्या घरी, वरच्या जोशांकडे, तळमजल्यावरच्या क्लासच्या टॉयलेटमध्ये आणि मग चेंबरमध्ये. त्या रस्त्यावर दार एकच, ट्रॅपच्या वाकणात साठून राहिलेलं दोन इंच पाणी. बांधकामाच्या कोडमध्ये किमान 50 मिमी म्हणतात. तेवढ्या पाण्यामुळे वास वर येत नाही, झुरळ वर येत नाही. ही वाकड्या पाईपची युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीनं लंडनमध्ये पेटंट केली, 1775 साली. त्याच साली इकडे राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करत होते. दोन्हींचे परिणाम आपण अजून भोगतोय, पण घड्याळजीचे तरी चांगले.

तर आता जाळ्या. दुकानातल्या पोरानं दिलेल्या 'चांगल्यातल्या' जाळ्या आल्या त्या अशा चकचकीत की तोंड बघावं. मामांनी एक उचलली, हातात तोलली आणि म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत." मी म्हटलं अहो स्टील आहे, हे बघा लोहचुंबक चिकटत नाही, मी यूट्यूबवर बघितलंय. इथं माझी फजिती झाली. 304 नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या 202 लासुद्धा चिकटत नाही. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, चमकतं तसंच, पण ओल्यात टिकत नाही, तांबूस ठिपके धरतं. चुंबक चिकटला तर माल वाईट एवढं कळतं, नाही चिकटला तर काहीच कळत नाही. जाळीवर 304 कोरलेलं बघून आणि बिलावर लिहून घेणं, एवढंच आपल्या हातात. आणि घरी आल्यावर तिच्यावर ॲसिड न ओतणं. आमच्या मावशी बाथरूम धुताना ॲसिडची बाटली अशी शिंपडायच्या की जणू गुलाबपाणी, त्यात 304 पण काळं पडतं आणि क्रोम तर पापुद्र्यासारखं सोलतं. वर उन्हाळ्यात टँकरचं बोअरचं पाणी, त्याचे पांढरे क्षार जाळीच्या भोकांत बसतात, ते घालवायला परत ॲसिड. त्यापेक्षा जाळी उचलून व्हिनेगरमध्ये तासभर बुडवलेली बरी. उचलता येईल अशीच जाळी घ्या म्हणून. सिमेंटनं चिणलेली जाळी सुंदर दिसते आणि एक वर्षानं तिच्याखाली केसांचं मांजर झालेलं असतं.

टाईल आत बसवायची जाळीसुद्धा मिळते, जमीन सलग दिसते, फक्त कडेनं बारीक फट. मला फार आवडली होती. मामांनी विचारलं, "शॉवर कुठला घेतलाव?" मोठा, छताला, पावसासारखा. तो मिनिटाला पंधरा-वीस लीटर पाणी टाकतो. बारीक फट, त्यात पोरीचे कमरेएवढे केस, आणि वरून वीस लीटर. दहा मिनिटांत पाणी घोट्यापर्यंत. तिथं साधी पाच इंची उघड्या भोकांची जाळी लावली आणि टाईलवाली लावली सुक्या भागात. (त्या सुक्या भागाचं पुढं सांगते, तिथंही मी शहाणपणा केलेला आहे.)

जाळीच्या खाली एक वाटी येते, उलटी, तिला कॉकरोच ट्रॅप म्हणतात. खाली चांगला ट्रॅप असेल तर तिची गरज कमी, आणि तिच्यामुळे पाणी हळू जातं म्हणून लोक ती काढून माळ्यावर टाकतात. पण काही जुन्या घरांत खाली वाकणच नसतं, सगळी भिस्त त्या वाटीवर असते, आणि ती काढली की वास यायला लागतो, मग उदबत्त्या लावतात. माझ्या एका मैत्रिणीकडे सहा महिने उदबत्त्या चालू होत्या. वाटी गॅलरीत होती, तिच्यात मनी प्लँट.

बेसिनची गोष्ट मात्र पूर्ण माझी चूक. मला कट्ट्यावर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन हवं होतं. घेतलं. त्याला ओव्हरफ्लोचं भोक नसतं, म्हणजे कडेजवळ ते जे छोटं भोक असतं, पाणी फार वर आलं की आतल्या आत उतरायला, ते. मग त्याला खाली जे बसवायचं, ज्याला दुकानात कपलिंग म्हणतात, ते मी ऑनलाईन मागवलं, कारण तिथं काळ्या रंगाचं होतं. सव्वा इंची, म्हणजे 32 मिमी, साईज बरोबर. दाबलं की बंद, दाबलं की उघडं. आलं, बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी कट्ट्याखालचं कपाट ओलं. वॉशर बदलला, टेप गुंडाळली, सिलिकॉन लावलं, तरी थेंब थेंब चालूच. मामा आले, खाली झोपले, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून बघितलं आणि हसायला लागले. कपलिंग दोन प्रकारचं येतं, हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड. हाफ थ्रेडला वरच्या अर्ध्यात आट्यांऐवजी खिडक्या असतात, कारण ओव्हरफ्लोचं पाणी बेसिनच्या पोटातून येऊन त्या खिडक्यांतून आत शिरायचं असतं. माझ्या बेसिनला ओव्हरफ्लोच नाही, तर त्या खिडक्यांतून पाणी उलटं बाहेर यायचं, बेसिनच्या जाडीत साठायचं आणि वॉशरच्या कडेनं ठिबकायचं. तिथं फुल थ्रेड पाहिजे होतं, अखंड. उलटी चूकपण करतात लोक, ओव्हरफ्लोवाल्या बेसिनला फुल थ्रेड लावतात, मग ओव्हरफ्लोच्या पाण्याला जायला जागाच नाही, ते बेसिनच्या पोटात कुजतं आणि मग 'ट्रॅप नवीन आहे तरी वास कसला' म्हणून सगळे कोड्यात.

फुल थ्रेड आणलं, कट्ट्याच्या जाडीएवढं लांब, पाच इंची, पण दाबायचंच, काळं, कारण मी अजून सुधारले नव्हते. त्याचं उत्तर महिन्याभरात मिळालं. त्या दिवशी सोसायटीची टाकी रिकामी झाली होती. सासूबाईंनी हात धुवायला नळ उघडला, पाणी नाही, तसाच उघडा राहिला. त्याआधी टेकताना कधीतरी त्या बटणावर हात पडून ते बंद झालेलं. दुपारी टँकर आला, पंप चालू झाला, आणि आम्ही सगळे बाहेर. बंद बेसिन, उघडा नळ, ओव्हरफ्लो नाही. पाणी पॅसेजमधून हॉलपर्यंत. बिचाऱ्या अहो आई इतक्या कानकोंड्या झाल्या, सारखं "माझंच चुकलं" म्हणत होत्या, आणि मला सांगता येईना की आई, तुमचं नाही, माझ्या काळ्या बटणाचं चुकलं. ज्या घरात पाणी मधेच जातं आणि मधेच येतं त्या घरात बंद होणारं कपलिंग कशाला हवं? बेसिनमध्ये पाणी साठवून तोंड कोण धुतं आपल्यात? आपण वाहत्या पाण्याखाली धुणारी माणसं. आता तिथं कायम उघडं राहणारं, वर नुसती टोपी असलेलं आहे, पितळी, क्रोमचं, अजिबात फॅशनेबल नाही.

खाली बॉटल ट्रॅप आहे, बाटलीसारखा, त्याचं बूड हातानं फिरवून निघतं. त्याच्या जागी लोक पांढरा घड्याघड्यांचा वेस्ट पाईप लावतात, स्वस्त पडतो, पण त्या घड्यांत काय काय जमतं ते विचारू नका, आणि तो सरळ सोडला, मुरड घातली नाही, तर पाणी अडत नाही आणि झुरळांना जिना मिळतो. बॉटल ट्रॅपचा फायदा मला एका गुरुवारी कळला. पोरगी रडत आली, आजीनं वाढदिवसाला दिलेल्या कुड्या, त्यातली एक फिरकी बेसिनमध्ये पडली. सोन्याची फिरकी ती केवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. खाली तसराळं ठेवलं आणि बूड फिरवलं. पहिलं जे बाहेर आलं ते फिरकी नव्हती. काळपट, बुळबुळीत, टूथपेस्टचा गर, त्यात नवऱ्याच्या दाढीचे बारीक केस, एक दातकोरणी, टूथपेस्टचं झाकण, अहो आईंच्या औषधाच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, आणि सगळ्यात खाली चमकणारं ते. तिघी त्या तसराळ्यावर वाकून बसलो होतो. अहो आईंनी चिमटीनं फिरकी उचलली, नळाखाली धरायला गेल्या आणि मी ओरडले, "आई, खाली ट्रॅप नाहीये!" तोवर कपाट भिजलंच.

बाथटबचं मला स्वतःला काही माहीत नाही, आमच्या बाथरूममध्ये बादली ठेवायला जागा काढताना मारामार. पण धाकटी बहीण न्यू जर्सीला, एडिसनजवळ राहते, तिच्याकडे टब आहे आणि त्यात कुणी बसत नाही, सगळे उभं राहून शॉवर घेतात, आणि मग केस. तिचा रविवारी व्हिडिओ कॉल, टबमध्ये गुडघाभर राखाडी पाणी, हातात रबरी प्लंजर, "ताई, तासभर झाला गं दाबतेय, काही होत नाही." तिकडे प्लंबर बोलावणं म्हणजे आपल्याकडे बाथरूम रंगवून होतं म्हणतात. माझ्याकडे मामा बसले होते, चहा पीत. त्यांनी आयुष्यात टब बसवला नसेल बहुतेक. फोनमध्ये बघितलं आणि विचारलं, "ते वरचं कशाचं भोक आहे?" टबच्या भिंतीत नळाखाली गोल पत्रा होता, त्याला एक खटका. ते ओव्हरफ्लो. खालून तोच पाईप. म्हणजे ती खालच्या तोंडावर जोर लावत होती आणि सगळा दाब वरच्या भोकातून फुस्स. "त्यांना म्हणावं ओलं फडकं कोंबा त्याच्यात." तिनं नॅपकिन ओला करून, पिळून, गोळा करून त्या पत्र्याभोवती दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं प्लंजर मारला. चौथ्या की पाचव्या दणक्याला जो आवाज आला तो मला इथं ऐकू आला, आणि पाणी गोल गोल फिरत निघून गेलं. नंतर तिनं पत्र्याचे दोन स्क्रू काढून खटक्याची आख्खी दांडी बाहेर ओढली तर तिला गुंडाळलेले केस, काळे, मध्येच मेंदी लावलेले लाल. "हे आईचे आहेत," ती म्हणाली. आई तिच्याकडून गेल्या सप्टेंबरात परत आली होती.

आता तो सुका भाग. हल्ली फॅशन आहे, काचेचं पार्टिशन घालून शॉवर वेगळा, आणि बेसिन-कमोडची बाजू कायम कोरडी. छान असतं, मोजे घालून जाता येतं. पण जमिनीत जाळी तिथंही असते, आणि तिच्यात पाणी कधीच जात नाही. ट्रॅपमधलं ते दोन इंच पाणी मग हवेत उडतं, उन्हाळ्यात तर काही आठवड्यांत. दार उघडं. आमच्याकडे एप्रिलमध्ये वास यायला लागला, नव्या कोऱ्या बाथरूममध्ये, आणि मी दोन दिवस कमोडवर संशय घेत होते.

हा नुसत्या वासाचा प्रश्न नाही. 2003 च्या मार्चमध्ये हाँगकाँगला अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची लागण झाली, तीनशेहून जास्त माणसांना, आणि एकाच इमारतीत सगळ्यात जास्त. तपासात जे निघालं ते वाचून मी खरंच उठून जाळीत पाणी ओतून आले होते. तिथल्या बाथरूमच्या जमिनी लोक धूत नव्हते, पुसत होते. त्यामुळे जाळीखालचे ट्रॅप सुकले होते. आजारी माणसाच्या संडासाचं पाणी त्या सामाईक पाईपात गेलं, वरच्या-खालच्या घरांनी एक्झॉस्ट पंखे लावले, पंख्यांनी बाथरूमची हवा बाहेर खेचली आणि तिच्या जागी सुक्या ट्रॅपातून पाईपातली हवा तुषारांसकट घरात आली. अजूनही तिथलं सरकार लोकांना सांगतं, आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लीटर पाणी ओता.

मामांनी यावर जे केलं ते मला आधी जुनाट वाटलं होतं आणि मी भांडलेही होते. बेसिनचा पाईप सरळ डक्टमध्ये न नेता त्यांनी तो जमिनीतल्या ट्रॅपच्या बाजूच्या तोंडाला जोडायचा म्हटलं, म्हणजे दर वेळी कुणी हात धुतला की ट्रॅपला पाणी. मला वाटलं बेसिनची घाण जाळीखाली कशाला, आणि मी नाही म्हणून सांगितलं. कॉमन बाथरूममध्ये माझं न ऐकता त्यांनी तसंच केलं होतं. तिथं वास नाही. माझ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये मी जिंकले होते, आणि तिथं दर रविवारी मग घेऊन मीच जाते.

मे महिन्यात आजोळी गेलो. तिथल्या माझ्या मामानं 2016 साली पाहुण्यांसाठी मागं नवीन बाथरूम बांधलंय, आम्ही पुण्या-मुंबईची माणसं न्हाणीत अंघोळीला कुरकुरतो म्हणून. गुलाबी टाईल्स, गिझर, सगळं. मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूपच. मामी स्वतः अजून न्हाणीतच अंघोळ करते. दार उघडलं आणि सेप्टिक टँकचा असा भपकारा आला की पोरं अंगणात पळाली. जाळीला खाऱ्या हवेनं तांबूस ठिपके. मी आधी बादलीभर पाणी ओतलं, खिडकी उघडली, आणि निघायच्या आदल्या दिवशी परत पाणी भरून वरून चार चमचे गोडेतेल सोडलं. तेलाचा तवंग राहिला की पाणी लवकर उडत नाही, गणपतीपर्यंत टिकलं तर टिकलं. मामी दारात उभी होती.

"ह्यां काय करतंस गो? तेल?"

मी सगळं सांगितलं, ट्रॅप, दोन इंच पाणी, हाँगकाँग. मामीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या न्हाणयेक कदी वास येवक नाय."

रात्री हात धुवायला गेले तर नव्या बाथरूमच्या जाळीवर चिंधीचा बोळा. मी म्हटलं मामी, अगं खाली वाकण आहे, पाणी आहे त्यात, आता तर तेलपण आहे, कशाला ते. मामी आली, बोळ्याकडे बघितलं, "आसांदे," म्हणाली, आणि पायानं अजून थोडा दाबला.